मथुराचा ढीग आणि वाट चुकलेलं बदक

एका जंगलात, म्हणजे आपल्या इकडच्या नव्हे, लांबच्या एका जंगलात, मथुरा नावाचं एक खवलेमांजर राहत होतं. अंगभर खवले, वीतभर जीभ आणि माती उकरायला ही मोठी नखं. मुंग्या आणि वाळवी खाऊन ते पोट भरतं. बाळांनो, तुम्ही तसलं काही तोंडात घालायचं नाही. आधीच सांगून ठेवते.

मथुराला एकच पोर. बोंडू त्याचं नाव. खवलेमांजराची पोरं आईच्या शेपटीवर बसून वाढतात. तिथेच पेंगतात, तिथूनच जग बघतात. पण एकदा पोर खाली उतरलं, की उतरलं. मग ते स्वतःच्या वाटेने जातं, गोष्टबिष्ट ऐकायला थांबत नाही. हे मथुराला ठाऊक होतं, म्हणून तिची सारखी घाई चालायची. पोराचं सगळं वेळेत व्हायला हवं. दात वेळेत यायला हवेत. खवलेमांजरांना दात येतच नाहीत, तरी ती रोज बोंडूचं तोंड उघडून बघायची.

आणि लहान मुलांच्या पुस्तकांचं तर तिला फार वेड. दर बुधवारी नदीकाठी पुस्तकांचा बाजार भरायचा. एका पुस्तकाला एक बीळ उकरून द्यायचं, असा तिथला रिवाज होता. मथुरा पुस्तक उघडायची, वास घ्यायची, चित्रातल्या ढगावरून हळूच नख फिरवायची. म्हणायची, "कित्ती गोड." की लगेच बीळ उकरायला बसायची.

तिने पहिलं पुस्तक घेतलं ते बदकाचं. पहिल्याच पानावर एक पिवळं बदक वाट चुकून नदीकाठी उभं होतं. बोंडूने शेपटीवरून वाकून ते पाहिलं.

"आई, ते घरी पोचतं का?"

"घरी जाऊन वाचू हं."

घरी आल्यावर बोंडू म्हणाला, "वाच."

"असंच? बिनकव्हराचं? लोक काय म्हणतील."

कव्हर म्हणजे सागाच्या पानाचं. सागाला वाळवी लागत नाही, म्हणून सागाचंच. पान आधी आठ दिवस वजनाखाली दाबून सपाट करायचं. मग काट्याने टाचायचं. मग वर पळसाच्या पानाची चिठ्ठी लावायची. नाव: बोंडू. इयत्ता: शेपूट. विषय: गोष्ट.

आठ दिवसांनी कव्हर झालं.

"आता वाच."

"हात बघू. अरे देवा. हे असले हात घेऊन पुस्तकाला शिवणार?"

"तुझे बघू."

मथुराने स्वतःचे हात बघितले. बिळं उकरून उकरून कोपरापर्यंत माती. दोघं नदीवर गेली, हात धुतले. परत येताना वाटेत माती लागली, कारण जंगलात सगळी वाटच मातीची. पुन्हा गेली. पुन्हा आली. तोवर पुढचा बुधवार उजाडला.

असं करत करत पुस्तकं वाढली. बदकावर हत्ती आला, हत्तीवर चांदोबा आला, चांदोबावर भोपळा आला. पानं दाबायला वजन हवंच होतं, तेही ढिगाचंच झालं. सगळ्यांची कव्हरं एकसारखी. कुठलं पुस्तक कुठलं, काही कळेना. मथुराचं म्हणणं, कळायची गरजच काय. नंबराने वाचायचं. जे आधी आलं ते आधी.

आधी आलेलं सगळ्यात खाली होतं.

"आई, बदक घरी पोचलं का?" बोंडू रोज विचारायचा.

"पोचेल रे राजा. जरा उसंत मिळू दे."

शेजारच्या झाडावर शेवंता वानरीण राहायची. दुसऱ्याच्या घरात डोकावल्याशिवाय तिचा दिवस जात नसे.

"मथुराताई, किती झाली हो तुमची?"

"चाळीस."

"अगंबाई, चाळीसच? आमच्या खंडूची एकसष्ट झाली."

"वाचली?"

"वाचायला वेळ कुठे असतो. आणण्यातच दिवस जातो."

झालं. मथुराच्या तोंडची चव गेली. खंडूची एकसष्ट, आपला मागे पडला. पुढच्या बुधवारी तिने इतकी बिळं उकरली, की नदीकाठची दोन झाडं कलली.

त्यात करकोचे गुरुजींनी दवंडी पिटवली. ज्या घरात वाचनाची आवड उत्तम, त्या घराला मोरपीस. गुरुजी स्वतः गुरुवारी तपासायला येणार.

मथुराने ढीग झाडला, पुसला, सरळ रेषेत लावला. तो आता मोहाच्या पहिल्या फांदीला टेकला होता. इकडे बोंडूही वाढला होता. शेपटीवर बसला की त्याचे पाय जमिनीला घासत. आई पुढे आणि मागे दोन रेघा.

गुरुवारी सकाळी मथुराला शेपूट हलकी लागली. तिने मागे वळून पाहिलं. बोंडू जमिनीवर उभा होता.

"मी चालतो आता," तो म्हणाला. "शेपूट टोचते."

मथुराने ढिगाकडे बघितलं. एकसुद्धा गोष्ट झाली नव्हती.

"थांब बाळा. आज वाचू. आत्ताच वाचू."

"हात?"

"राहू दे हात."

तिने ढीग उतरवायला घेतला. वरचं पुस्तक उघडलं. आत काही नव्हतं. नुसतं कव्हर. दुसरं उघडलं, तेही तसंच. तिसरं, दहावं, तिसावं. कव्हरं जशीच्या तशी, करकरीत. आतलं पान मात्र एक शिल्लक नाही. जिकडेतिकडे भुरभुर माती, आणि पळापळ करून जमिनीत घुसणारी वाळवी.

सगळ्यात खाली एक म्हातारी वाळवी तेवढी राहिली होती. इतकी जाड झाली होती की तिला पळवेना. तिच्या तोंडात कागदाचा एक कोपरा होता.

"जरा हळू," ती म्हणाली. "शेवटचं पान चाललंय."

"तुम्ही आमची पुस्तकं खाल्लीत?"

"वाचली म्हणा. सगळी, आणि नंबराने. आमच्यात मधलं पान कुणी सोडत नाही."

"हात धुतले होते का?" मथुराने विचारलं.

"हात नाहीत आम्हाला. पाय धुतले होते."

बोंडू पुढे सरकला. "आजी, बदक घरी पोचलं का?"

"कुठलं? बदकांची सतरा होती."

"पिवळं. वाट चुकलेलं."

"हां, ते होय. फार छान. कागदही जाड होता." वाळवीने तोंडातला कोपरा गिळला आणि नीट बसली. "तर ते बदक उभं होतं नदीकाठी. बेडूक म्हणाला, उजवीकडे जा. कासव म्हणालं, डावीकडे जा. बदक उजवीकडे गेलं, तिथे चिखल. डावीकडे गेलं, तिथे काटे. मग ते रडायला बसलं. तेवढ्यात लांबून कुणीतरी हाक मारली. बदकाने मान वळवली. बघतं तर काय..."

बाळांनो, गोष्ट रंगात आली की तुमचं तोंड कसं उघडं पडतं? बोंडूचंही पडलं. आणि खवलेमांजराचं तोंड उघडलं की जीभ आपोआप बाहेर येते. त्याला तो तरी काय करणार.

मथुराने कव्हराखाली वाकून बघितलं.

"बोंडू."

"हं."

"आजी कुठे गेल्या?"

बोंडूने ओठ घट्ट मिटले. मग एक ढेकर दिली.

"आई," तो बारीक आवाजात म्हणाला, "पण बदक घरी पोचलं का?"

जंगलात जिला ते माहीत होतं, ती आता बोंडूच्या पोटात होती. मथुरा तिथेच मातीत बसली. तिने रिकाम्या कव्हरांकडे बघितलं, पोराकडे बघितलं. तो जायला निघालेलाच होता. एक पाय उचललेला.

"बघतं तर काय," मथुरा म्हणाली, "त्याची आई."

बोंडूने पाय खाली ठेवला. "कशी होती?"

"हात मातीने भरलेले."

"मग धुतले?"

"नाही. तशीच घरी गेली दोघं."

"आणि जेवली?"

"जेवली. वाळवी."

"बदकं वाळवी खातात?"

"या गोष्टीतली खातात."

बोंडूने विचार केला. मग आईच्या शेपटीला टेकून खाली बसला. "परत सांग."

दुपारपर्यंत मथुराने ती गोष्ट अकरा वेळा सांगितली. चौथ्या वेळी बदक उडालं. सातव्या वेळी त्याला मावशी निघाली. बोंडू कुठेही गेला नाही.

दुपारी करकोचे गुरुजी आले. मागून शेवंताही आली, सहज आल्यासारखी. मथुराने घाईघाईने कव्हरं पुन्हा रचली होती. गुरुजींनी चोचीने एक पुस्तक उचललं, तर ते पिसासारखं वर आलं.

"हलकीफुलकी आहेत," गुरुजी म्हणाले. "मुलांची पुस्तकं अशीच हवीत. आणि एकाही पानावर डाग नाही."

"गुरुजी, खरं सांगू का? आत काहीच नाही."

"आतलं आम्ही बघत नाही, बाई. तपासणीत तो रकानाच नाही."

मोरपीस मथुराला मिळालं. शेवंताने जाता जाता कव्हरावर बोट फिरवलं. "कुठल्या सागाची हो पानं? आमच्याकडे नुसती पुस्तकंच आहेत."

तात्पर्य: मुलांसाठी पुस्तकं आणत राहावं, ढीग उंच रचावा, कव्हरं सागाचीच घालावीत. वाचणारं कुणी ना कुणी निघतंच. फक्त गोष्ट संपेपर्यंत त्याला खाऊ नये.