घरात कोणी नाही

"बाई येतील तेव्हा फक्त हलत राहा," वास्तुविशारद नवऱ्याने बायकोला पुन्हा बजावलं.

"लोक पाहुण्यांसमोर स्वस्थ बसायला सांगतात. आपलं सगळंच उलटं," बायको म्हणाली.

तिचं खोटं नव्हतं. त्याने स्वतःसाठी बांधलेलं हे घर सगळीकडे 'श्वास घेणारं हरित घर' म्हणून गाजत होतं. फक्त श्वास घ्यायला त्याला खिडक्या नव्हत्या. भिंतीभर काचा होत्या, पण त्या उघडत नसत. जमिनीला बांबू होता. तो सातासमुद्रापलीकडून आला होता, आणि येताना जहाजाने किती धूर ओकला याचा उल्लेख माहितीपत्रकात नव्हता. छतात इवले इवले डोळे बसवले होते. खोलीत काही वेळ हालचाल दिसली नाही, की घर समजायचं घरात कोणी नाही, आणि वीज वाचवायला सगळं बंद करून टाकायचं. त्यामुळे नवराबायकोला जेवताना, वाचताना, फोनवर बोलताना अधूनमधून एक हात वर करायची सवयच जडली होती. हॉटेलातही दोघं हात वर करत, आणि वेटर धावत येई.

आज हे घर बघायला शाळेच्या मुख्याध्यापिका येणार होत्या. शाळेची नवी इमारत बांधायची होती, आणि काम कोणाला द्यायचं ते त्या आज ठरवणार होत्या. बंगले आणि शोरूम बांधून त्याला वीट आला होता. शंभर पोरं ज्यात वाढतील अशी एक इमारत आपल्या हातून व्हावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. शिवाय ऑफिसात सध्या माशा मारण्याखेरीज दुसरं काम नव्हतं.

बाई भर दुपारी आल्या आणि झाडांच्या भिंतीला पाठ करून बसल्या. ही भिंत म्हणजे घराचं नाक. जमिनीपासून छतापर्यंत नुसती रोपं. शेजारी एक पाटी लुकलुकत होती, 'आज वाचवलेली झाडं', आणि तिच्यावर आकडा.

"मला एकच सांगा," बाई म्हणाल्या. "दुपारी मुलांना उकडेल का?"

"बाई, या माहितीपत्रकात सगळं आहे," त्याने ते त्यांच्या हातात ठेवलं.

बाईंनी चष्मा लावला आणि त्या वाचू लागल्या. आता मुख्याध्यापिका समोर बसून निमूटपणे काही वाचत असल्या, की भल्याभल्यांची हालचाल थांबते. दोघंही निकालाच्या दिवशी बसावं तशी बसली. बायकोला भान आलं आणि तिने हात वर केला.

"हात खाली," मान वर न करता बाई म्हणाल्या. "प्रश्न शेवटी."

हात आपोआप खाली आला. नवऱ्याने अर्धा वर केलेला हात केसांवरून फिरवून मांडीवर ठेवला. बाई पान उलटायचं सोडून एकाच ओळीवर थबकल्या होत्या. आणि घराने ठरवलं, सगळे बाहेर गेले.

दिवे गेले. थंड हवा बंद झाली. काचांवर पडदे सरसर उतरले. दाराला कुलूप लागल्याचा आवाज आला.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"घर विश्रांती घेतंय," तो म्हणाला आणि दोन्ही हात हवेत नाचवू लागला. पण काटकसरी घराने स्वतःचे डोळेही मिटले होते. दार मोबाइलवरून उघडायचं, तर मोबाइल घराच्या इंटरनेटशी बोलणार, आणि इंटरनेट घराने आधीच बंद केलेलं. सगळंच बंद झाल्याने बचत मात्र जोरात होती. चालू होती ती फक्त पाटी, आणि तिच्यावरची झाडं भराभर वाढत होती.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "घरात कोणी नसलं की भिंतीला पाणी सुटतं ना?"

तो "बाई, जरा पुढे" एवढं म्हणेपर्यंत भिंतीतून फवारे सुटले. बाई नखशिखांत भिजल्या.

"आल्यापासून आत्ता कुठे गार वाटलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "बाहेर कसं पडायचं?"

बायकोने ताईला, म्हणजे पलीकडे राहणाऱ्या थोरल्या नणंदेला, फोन लावला. या घराच्या स्वयंपाकघरात बायकोने नवऱ्याशी कडाक्याचं भांडून एवढी एक उघडणारी खिडकी करून घेतली होती. ताईने बाहेरून शिडी लावली. एका भिजलेल्या मुख्याध्यापिकेला खिडकीतून उतरवताना नवऱ्याने बायकोचे मनोमन शंभर वेळा आभार मानले, आणि बाई शिडीवर असतानाच एकदा मोठ्याने मानले.

"शिडी धरा आधी," बायको म्हणाली.

ताईचं घर साधं, बैठं होतं. हेही त्यानेच बांधलेलं. कॉलेजातून नुकता बाहेर पडला होता, हातात पैसा नव्हता, म्हणून जे होतं ते फक्त विचार करून केलं होतं. नंतर नाव झालं, आणि त्याला या घराची लाज वाटू लागली. दोन घरांच्या मध्ये उंच कुंपण आलं. "ताई, गिऱ्हाइकांना सांगू नकोस हं हे माझं काम," असंही त्याने बजावून ठेवलं होतं.

ताईचे कोरडे कपडे घालून बाई खोलीत बसल्या. समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा येत होता. छप्पर पुढे आल्याने ऊन पायरीपाशीच थांबलं होतं. बाईंनी वर पाहिलं. पंखा बंद होता.

"हे घर कोणी बांधलं?"

ताईने भावाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "होता एक मुलगा. आता तो असलं काम करत नाही."

"मला तोच मुलगा हवाय. कुठे भेटेल?"

आता मात्र त्याला राहवेना. "बाई, ते मीच बांधलंय."

बाईंनी त्याच्याकडे कॉपी पकडल्यासारखं पाहिलं. "दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवू नये. या वयात तरी."

"ताई, सांग ना."

"तूच म्हणालास सांगू नको."

"आता मीच म्हणतोय सांग."

मग ताईने सांगितलं. इतकी वर्षं तोंडाला कुलूप होतं, ते निघालं. बांधायच्या आधी हा पोरगा रिकाम्या जागेवर टोपी घालून बसायचा आणि ऊन सरकेल तशा खडूने खुणा करायचा. तू दुपारी कुठे बसतेस, भावजींना रात्री कुठल्या कुशीवर श्वास नीट लागतो, सगळं विचारायचा. "यांना दमा होता हो. जुन्या जागेत रात्र रात्र बसून काढायचे. इथे आल्यावर झोपले. शेवटची वर्षं माणूस शांत झोपला, ते या खिडकीमुळे. मी रोज याचे उपकार आठवते. पण सांगायची सोय नव्हती."

ज्या घराची आपण लाज बाळगली, त्याच्यासाठी ही रोज आपलं भलं चिंतत होती. "उपकार तुझे आहेत, ताई," तो म्हणाला.

बाईंनी चष्मा पुसला. "उद्या दुपारी शाळेच्या मैदानावर या. खडू आम्ही देऊ."

बायकोने नवऱ्याचा हात घट्ट धरला. ताई डोळे टिपत चहा करायला उठली, आणि दारात घुटमळली.

"आज बोलायची परवानगी आहेच, तर एक सांगू?"

"सांग की."

"स्वयंपाकघरातली ती वरची फळी. माझा हात तिथे कधी पोचलाच नाही रे. रोज स्टुलावर चढते."

"इतकी वर्षं? मग बोलली का नाहीस?"

"एवढं चांगलं घर बांधून देणाऱ्याला नावं कशी ठेवायची?"

तो आत जाऊन फळीखाली उभा राहिला. फळी बरोबर त्याच्या हाताच्या उंचीवर होती. सगळं विचारलं होतं त्याने, फक्त ताईची उंची विचारायची राहिली होती.

मागून बाई आल्या. त्यांनी फळीकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आमची मुलं यांच्याहून बुटकी आहेत," त्या म्हणाल्या. "आणि ती नावं ठेवतात."