जवारी राखणारी कॅसेट

सुधाकररावांनी भर दुपारी मचाणावर उभं राहून विलायती गाणं म्हटलं. म्हणजे म्हटलं नाही. असं काही घडलंच नव्हतं, हे पैनगंगेपलीकडच्या, जैनथकडच्या त्या गावाने एकमताने ठरवलेलं आहे. तेव्हा आपण फक्त कॅसेटबद्दल बोलू.

ती त्यांच्या महिपतने एक्क्याण्णव साली हैदराबादहून आणली. कव्हरावर चार कोवळी गोरी पोरं, केस असे की न्हाव्याशी पिढीजात भांडण असावं.

"पह्यल्या दोन कॅसेटी कोणी इचारल्या नाई, बाबा," महिपत म्हणाला. "या तिसरीनं दुनिया हालवली."

"दुनिया हालू दे. इकडं पाखरं जवारी खाऊन राह्यले."

महिपतला एकच हवं होतं: बापाने ती कॅसेट पुरी ऐकून एकदा "वा" म्हणावं. सुधाकररावांनी पहिल्याच गाण्याला विचारलं, "हा माणूस आजारी हाये काय?" आणि पोराला टेपसकट शेतावर राखणीला हाकललं.

मचाणावर महिपतने टेप लावला. पहिल्या किंकाळीला कणसांवरचे राघू असे उठले, की पैनगंगा ओलांडून थेट महाराष्ट्रात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सुधाकरराव स्वतः ऐकायला आले. तिसऱ्या दिवशी शेजारचे वामनराव आले. मग रोज संध्याकाळी चावडीवर चर्चा.

"पह्यलं गाणं चिमण्यायले बरं हाये," वामनराव म्हणायचे.

"पण राघूले तिसरंच पाह्यजे. मधात थांबते ना ते, पाखराले वाटते संपलं. अन् मंग..." सुधाकरराव पुढचं डोळे वटारून दाखवायचे.

"अन् गिटार कशी वाटली?" महिपत आशेने विचारायचा.

"गिटारनं कावळे जाते."

ऐन कणसं भरायच्या वेळी टेपने कॅसेट गिळली. आतली फीत शेवयांसारखी बाहेर आली. राघूंना कुणी कळवलं देव जाणे, तासाभरात सगळे कुटुंबासह परत.

सुधाकररावांनी धोतर खोचलं, मचाणावर चढले आणि महिपतच्या हाती तेलाचा रिकामा डबा दिला. "वाजव."

आणि त्यांनी तिसरं गाणं धरलं. शब्द कुणालाच माहीत नव्हते, त्यामुळे एकही चुकला नाही. मधात ते थांबले. शिवार शांत झालं. राघू पुन्हा कणसाकडे वळले. थक्क झालेल्या महिपतने नेमका तेव्हाच डबा बडवला.

"काऊन वाजवलं?" सुधाकरराव खेकसले. "तिथं ढोल नसते. आईकत होता का झोपत होता तू?"

बांधावर तामसीचे पाव्हणे उभे होते. सुधाकररावांच्या थोरल्या मुलीला पाहायला आले होते. वामनरावांनी त्यांना शांतपणे सांगितलं, "गांधीलमाशी चावली जी त्यायले." तेव्हापासून गावात गांधीलमाशीच चावलेली आहे.

संध्याकाळी महिपतने धीर केला. "बाबा, मंग कॅसेट चांगली हाये ना?"

"मी काई म्हटलं काय? कागद घे. मंडल हापिसात अर्ज द्याचा हाये."

त्यांनी सांगितलं, महिपतने लिहिलं:

"मेहेरबान साहेबांचे सेवेशी. सदर कॅसेटवाली चार पोरं होतकरू असून त्यांचं काम वाखाणण्याजोगं आहे. तरी जवारी निघेपर्यंत त्यांना सरकारी खर्चाने आमच्या शिवारात रुजू करून घ्यावं. मुक्काम शाळेत, जेवण अर्जदाराकडे. ढोलवाला त्यांनी आपला स्वतःचा आणावा, अर्जदाराचा मुलगा त्या कामी अपात्र आहे."