रुसलेले आटे आणि मामाचा फेटा

भानुदास खोतांच्या सीएनजी ट्रकमधले तिसऱ्या सिलिंडरचे आटे रुसून निघून गेले आणि माझ्या लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला येऊन बसले. स्पार्क प्लग ज्या भोकात पिळून बसवतात, त्या भोकाच्या आतल्या वळ्यांना आटे म्हणतात. ते असतात म्हणून प्लग जागेवर राहतो. ते नव्हते, म्हणून भानुदासभाऊंचा प्लग आमच्या दारासमोर फटकन उडाला आणि ट्रक खोकत खोकत थांबला.

नागज फाट्यावर आमचं गॅरेज आहे आणि गॅरेजच्या मागे दोन खोल्यांत आमचं घर. आमच्या मिस्त्रींनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, बॉनेट उघडून भोकात बोट फिरवलं. आत बांगडीसारखं गुळगुळीत लागत होतं.

"झिजले का वो मिस्त्री?" भानुदासभाऊंनी विचारलं.

"झिजले असते तर कीस पडला असता. कीस न्हाई. जिते गेल्यात."

"मग नवे आटे पाडा की. कॉईल बसवा. मला ढालगावला पोचायचंय."

मिस्त्रींनी हात पुसले. हात पुसायला लागले की नकार येणार हे मला लग्नापासून ठाऊक आहे. "जुने वारले असते तर टॅप मारून लगेच नव्या आट्यांची कॉईल बसवली असती. पण जुने जिते असताना त्यांच्या जागी दुसरे बसवायचे न्हाईत. ते परत येत्यात आणि हक्क सांगत्यात. कवठ्याच्या एका टेम्पोत असं झालंय. दोन्ही आटे एकाच भोकात नांदत्यात. प्लग काढायला बसलं की सकाळची दुपार होते."

भानुदासभाऊ तिथंच टायरवर बसले. ते नवरीचे सख्खे मामा होते. त्यांच्या बहिणीची मुलगी पल्लवी, तिचं त्या दिवशी दुपारी ढालगावला लग्न. मागे ट्रकमध्ये मामाच्या आहेराची भांडी आणि कपाट, आणि सीटवर नवरदेवाकडच्या पाहुण्यांनी मामासाठी पाठवलेला गुलाबी फेटा. नवरीला मांडवात मामानं आणायचं असतं. मामा आला नाही म्हणून मुहूर्त थांबत नसतो. दुसरा मामा आणतो. आणि दुसरा मामा तयारच होता. त्यांचे चुलतभाऊ सर्जेराव सकाळपासून स्वतःच्या पैशानं आणलेला फेटा बांधून मांडवाच्या दारात उभे होते, असा बहिणीचा फोन आला होता.

"मोटरसायकलवर जावा," मी सुचवलं. आमची मोटरसायकल चांगल्या स्थितीत होती. पण भाऊंनी किका मारून मारून पाय दुखवून घेतला, ती सुरू झाली नाही. गॅरेजमध्ये एखाद्याचं रुसणं मिटायचं असलं की बाकीच्या गाड्या त्यात पडत नाहीत.

पाहुणा दारात उपाशी बसलाय म्हणून मी भाकरी वाढायला घेतली आणि लोणच्याचं झाकण फिरवलं. ते फिरलं, आणखी फिरलं, फिरतच राहिलं. एरवी ते दोन वळशांत निघतं. मी खाली वाकून बघितलं, तर झाकणाच्या आट्यांत दुसरे आटे दाटीवाटीनं बसलेले. जागा मोठी होती, म्हणून अंग ताणून सोय करून घेतली होती.

"अहो, इकडं या," मी हाक मारली. "तुमचे आटे सापडले."

मिस्त्रींनी बरणी आणून गॅरेजमधल्या स्टुलावर ठेवली. भानुदासभाऊंनी हात जोडले. "काय चुकलं आमचं?"

"आमचं काय म्हणणं न्हाई," आटे म्हणाले. "तुम्ही जावा लग्नाला."

आटे बोलतात तेव्हा वाक्य वरच्या वळीपासून सुरू होतं आणि गोल फिरत खालच्या वळीत संपतं. मध्येच तोडता येत नाही. त्यामुळे त्यांची तक्रार समजायला वेळ लागला, पण ती सरळ होती. खंडेनवमीला ट्रकची पूजा झाली. बॉनेटला हार, स्टिअरिंगला गोंडा, चारी चाकांखाली लिंबू. जॅकलासुद्धा कुंकू लागलं. आट्यांना कुणी विचारलं नाही.

"तवाच बोलायचं हुतं की," भाऊ म्हणाले. "आता तुळशीचं लग्न पण झालं."

"आम्ही कशाला बोलायचं? आम्ही आपले कुठंबी पडून राहू."

खरं म्हणजे रुसणारा मुहूर्त बघूनच रुसतो. रिकाम्या दिवशी रुसून कुणाची अडचण होते?

मी ताट आणलं. झाकणाला हळद-कुंकू लावलं, तांदूळ टाकले. आटे म्हणाले, "आता लावता व्हय." मिस्त्रींनी आतून कोरा टॉवेल आणि टोपी आणून बरणीपुढे ठेवली. आट्यांनी झाकण जरा फिरवून टॉवेल बघितला. मग म्हणाले, "टॉवेल-टोपी काय, सरसकट सगळ्यांना असते." हेही खरंच होतं. आमच्या भागात टॉवेल-टोपी घेऊन कुणाचा रुसवा गेल्याचं मी पाहिलेलं नाही. उलट दोन घरांत तो टॉवेल-टोपीनंच सुरू झाला आहे.

भानुदासभाऊंचा फोन पुन्हा वाजला. बहिणीचा रडवेला आवाज मलाही ऐकू आला. "दादा, पल्लवी साडी नेसून बसलीय. सर्जेराव म्हणतोय, मी नेतो. काय करू?"

भाऊ बरणीकडे वळले आणि त्यांचा बांध फुटला. "ह्या पोरीला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली मी. मला दुसरं काय नको. तिला मांडवात आणायची, एवढंच मागतोय."

"आणि आम्ही?" आट्यांचा आवाजही चढला. "त्या भोकात रोज हजारदा जाळ होतो. प्रत्येक बारीला प्लग भाईर उडायला बघतो. आम्ही त्याला धरून ठेवतो. तुम्ही वरती गाणी लावता. कधी एकदा म्हणालात, आट्यांनो, धरलंय न्हवं?"

मला वाईट वाटलं. मी बरणीवरून हात फिरवला.

"तो गुलाबी फेटा कुणाचा?" आट्यांनी हळूच विचारलं.

"मामाचा."

"मग बरोबर हाय. मामाचाच असायचा."

भानुदासभाऊ केबिनमध्ये गेले. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा फेटा हातात होता आणि डोळे लाल. त्यांनी तो बरणीला नीट, तुरा काढून बांधला. "घ्या. मामाचा मान तुमचा," ते म्हणाले. "पण चला."

मग अडचण उरली नाही. मी ताट घेऊन पुढे, मिस्त्री फेटेवाली बरणी घेऊन मागे, असे आम्ही इंजिनापर्यंत वाजतगाजत गेलो. वाजवायला पाना आणि डबा होता. झाकण भोकाला लावल्यावर आटे एकामागून एक आत उतरले. शेवटचा मागे वळून म्हणाला, "लोणचं बरं हाय, मीठ कमी हाय." मीठ बरोबर होतं. मिस्त्रींनी हातानं प्लग लावला, मग पान्यानं आवळला. तो आवळताना कर्र असा समाधानाचा आवाज आला. फेटा इंजिनाला बांधला आणि आम्ही तिघे निघालो. मध्येच पुन्हा काही झालं तर समजूत काढायला कुणी हवं, म्हणून मीही केबिनमध्ये.

ढालगावला मंगलाष्टकांची तयारी झाली होती. सर्जेराव पल्लवीच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत पोचले होते. भानुदासभाऊ बोडक्या डोक्यानं धावत गेले.

"दादा, फेटा कुठाय?" बहिणीनं विचारलं.

"इंजिनाला बांधलाय. आट्यांना मान दिला."

सर्जेराव हसले. "मग मामा कोण? ज्याच्या डोक्याला फेटा न्हाई, तो कसला मामा!"

भटजींनी बॉनेट उघडायला लावून फेटा पाहिला. कापड हातात धरून बघितलं. "फेटा पाहुण्यांकडचाच आहे," ते म्हणाले. "मान पोचलेला आहे. तेव्हा मामा हा ट्रक. तोच मुलीला आणील."

भानुदासभाऊ मान खाली घालून उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. दिलेला शब्द माघारी घेणारा माणूस नव्हता तो.

मग खोलीच्या दारात येऊन पल्लवीच बोलली. हातात हार, कपाळाला मुंडावळ्या. "भटजीकाका, ट्रक मामा आहे हे कबूल. पण ट्रकला आणणार कोण?"

भटजींनी विचार केला. "चालक," ते म्हणाले.

मांडवाचे दोन बांबू काढले. पल्लवी केबिनमध्ये चढली. खोलीपासून मांडव हाकेच्या अंतरावर होता. भानुदासभाऊंनी तेवढं अंतर पहिल्या गिअरमध्ये, पोरगी झोपेत असल्यासारखं जपत नेलं. मी मध्ये बसले होते. डावीकडून भाची रडत होती, उजवीकडून मामा रडत होता, आणि दोघांचे हात माझ्या मांडीवर एकमेकांना घट्ट धरून होते. गिअर मला टाकावा लागला नाही, एवढंच. मंगलाष्टकं होईपर्यंत इंजिन चालू होतं. एकही ठोका चुकला नाही. शेवटच्या सावधानला भाऊ खिडकीतून वाकून म्हणाले, "आट्यांनो, धरलंय न्हवं?"

"धरलंय," आतून उत्तर आलं.

पंगतीला सर्जेरावांची शोधाशोध झाली, पण ते कुठं सापडले नाहीत. कुणीतरी म्हणालं, रागानं निघून गेले. जाऊ देत, म्हणून बुंदी पुढे सरकली.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. मिस्त्रींना भूक होती. लग्नात त्यांना कधी पोटभर जेवता येत नाही. मी भाकरी टाकली आणि लोणच्याचं झाकण फिरवलं. ते फिरलं, आणखी फिरलं, फिरतच राहिलं.

मी वाकून बघितलं.

"आमचं काय न्हाई, वहिनी," सर्जेराव झाकणातून म्हणाले. "तुम्ही जेवा."

कोरा टॉवेल आणि टोपी अजून स्टुलावरच होती, ती मी आणून बरणीपुढे ठेवली, आणि मिस्त्रींना चटणी वाढली.