देवरे आप्पा आणि अकराचं ऊन

रविवारी सकाळी आमची बेल वाजली की मी आधी तोंड उघडतो आणि मग दार. बाहेर देवरे आप्पा उभे असतात. एका हातात पुडी, दुसऱ्या हातात साजूक तुपाची वाटी. मी काही बोलायच्या आत पुडी जिभेवर रिकामी होते, पाठोपाठ चमचाभर तूप येतं आणि आप्पा पार वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात घोषणा करतात, "फलाट क्रमांक दोनशे तीन! गाडी वेळेवर सुटलेली आहे!"

दोनशे तीन हा आमचा फ्लॅट. गाडी म्हणजे व्हिटॅमिन डी.

आप्पा मूळचे सटाण्याचे; 'आहे'ला अजून 'शे' म्हणतात. सगळी नोकरी एस. टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून झाली. वणी, कळवण, पिंपळगाव, सटाणा असं माइकवरून ओरडण्यात हयात गेली. निवृत्त होऊन इंदिरानगरला आमच्या बिल्डिंगमध्ये आले तेव्हा माइक मागे राहिला, आवाज बरोबर आला. बिल्डिंगमधल्या ज्या ज्या म्हाताऱ्यांना डॉक्टरांनी आठवड्याची पुडी लिहून दिलीय, त्यांच्या पुड्या आप्पांच्या ताब्यात असतात. कोणाच्या शब्दावर त्यांचा विश्वास नाही. "लोक 'घेतली' म्हणता, भाऊ. आमचे ड्रायव्हरबी 'निघालो, निघालो' म्हणायचे. बघावं तर गाडी डेपोतच शे!"

मी या यादीत कसा आलो ते सांगायला हवं, कारण त्यात माझा पराक्रम आहे.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आणि गुडघे बोलायला लागले. रक्त तपासलं, तर डी तळाला गेलेलं. डॉक्टरांनी पुड्या दिल्या आणि बजावलं, "फक्त रविवारी." एवढं सोपं काम. पण निवृत्त माणसाला रविवार ओळखायचा कसा, हे डॉक्टरांना कोण सांगणार? ते अजून नोकरीत. माझा मंगळवारही सावकाश उजाडत होता, पोहे होत होते, दुपारी डोळा लागत होता. मला तो प्रामाणिकपणे रविवार वाटायचा. मी पुडी घ्यायचो. गुरुवारचंही तेच. डबा बघता बघता रिकामा झाला.

नवीन घ्यायला मेडिकलवर गेलो, तर शेजारी आप्पा उभे. "एवढ्यात संपला? वाटल्या काय बिल्डिंगमध्ये?"

मी मोठ्या ऐटीत सांगितलं, की गुण यावा म्हणून जरा नेमानं घेतोय. आप्पांनी माझं मनगट धरलं आणि पोलिसानं न्यावं तसं मला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर रागावले. हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठत राहतं, जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं, असं बरंच काही म्हणाले. पुड्या बंद झाल्या, पुन्हा रक्त तपासायला गेलं. थोडक्यात निभावलं. पुढे पुन्हा सुरू झाल्या, पण डबा आप्पांच्या हवाली करायच्या अटीवर. ही अट डॉक्टरांची नव्हती, आमच्या हिची होती.

त्यानंतर आप्पांनी माझ्या आहाराची झडती घेतली.

"अंडं खाता का?"

"खातो की. फक्त पांढरं. पिवळं मांजराला घालतो. कोलेस्टेरॉल."

"डी पिवळ्यात असतं, साहेब. आता मांजराचा रिपोर्ट काढा. चांगला येईल."

"बरं, पण मी ऊन घेतो रोज," मी म्हणालो. हे खरं होतं. गॅलरीत जुना कूलर, कोणी न चालवलेली व्यायामाची सायकल आणि रंगाचे डबे असल्यामुळे पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणून मी आतल्या बाजूला, सरकत्या काचेमागे, खुर्ची टाकून तासभर बसायचो. सगळी थंडी तशी काढली होती. चेहरा लाल व्हायचा, समाधान वाटायचं.

आप्पांनी काचेवर टिचकी मारली. "हे बंद असतं?"

"वारा येतो ना."

"काचेतून ऊब येते, डी येत नाही. वर या वयात कातडीचं इंजिन जुनं. उघड्या उन्हातबी ॲव्हरेज कमीच देतं."

मी डॉक्टरांना विचारून आप्पांना खोटं पाडायचं ठरवलं. डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे त्यांचं. मी डॉक्टर बदलायचा विचार केला.

आता आप्पांची एक खोड. पुडी देऊन झाली की ते सरळ आत शिरायचे आणि गॅलरी गाठायचे. कूलरवरून वाकून आकाशाकडे बघायचे. मग घड्याळाकडे. मग खाली बसून फरशीला तळहात लावायचे, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. हे प्रत्येक घरात. आमच्या हिला वाटायचं, कुंड्यांचं पाणी खाली गळतंय का ते बघतात. माझं डोकं जास्त चालतं. मी निदान केलं, की आप्पा फ्लॅटची दलाली करतात आणि गिऱ्हाईकासाठी दिशा बघून ठेवतात. हे निदान मी तीन मजल्यांवर पोचवलंही.

एका रविवारी राहवलं नाही. आप्पा फरशीला हात लावून बसले असताना मी म्हणालो, "आप्पा, गिऱ्हाईक असेल तर सरळ सांगा. आम्हाला विकायचा नाही."

आप्पा उठले. वाटी उचलून गेले. त्या दिवशी पुढच्या एकाही फलाटाची घोषणा ऐकू आली नाही.

पुढच्या रविवारी बेलच वाजली नाही. मी बराच वेळ तयारीत बसून होतो. हिनं मला दोनदा तोंड मिटायला सांगितलं आणि मग म्हणाली, "तुम्हीच काहीतरी बोलला असाल. जा, बघून या."

आप्पा मागच्या बाजूला पहिल्या मजल्यावर राहतात. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी गेलो नव्हतो. भर सकाळी आत ट्यूबलाइट लागलेली. खिडकीबाहेर हातभर अंतरावर नवीन टॉवर उभा राहिलाय, त्याची भिंत. स्वयंपाकघरात खुर्चीवर आप्पांच्या पत्नी सिंधूकाकू बसल्या होत्या, शेजारी वॉकर. दिवाळीआधी बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, एवढं मला माहीत होतं. त्यानंतर त्या घराबाहेर पडल्याच नाहीत, हे माहीत नव्हतं.

आप्पा त्यांची खुर्ची जरा जरा सरकवत होते. टॉवरच्या कुठल्याशा वरच्या खिडकीवर पडून परतलेला उन्हाचा एक पट्टा जमिनीवर आला होता. त्या पट्ट्यात काकूंची पावलं येतील असा त्यांचा प्रयत्न चालला होता.

मला बघून ते ओशाळले. "काचेवरून आलेलं ऊन शे," हळूच म्हणाले. "नुसता उजेड. मला माहितीय."

"मग खाली पार्किंगमध्ये..."

"मी नाही बसायची," काकू म्हणाल्या. "डॉक्टर सांगता, हात-पाय उघडे टाकून बसा. चार माणसांत लुगडं गुडघ्यावर घेऊन बसू का मी या वयात?"

आप्पा मला दाराशी घेऊन आले. "पुडी चालू शे तिची. पण डॉक्टर म्हणाले, बाईला बाहेर काढा, नाहीतर खुर्चीच धरून बसेल. पडायची भीती बसलीय. सगळ्या गॅलऱ्या बघितल्या. कुठे ऊन नाही, कुठे समोरून लोक डोकावता. तुमची तेवढी चांगली. दक्षिणेकडे तोंड, समोर मोकळा प्लॉट, अकराला फरशी तापते."

"अहो, मग बोलायचं नाही का?"

"जन्मभर माइकवर ओरडलो, भाऊ. पण मागायचं म्हटलं की आवाजच फुटत नाही."

कूलर त्याच दुपारी भंगारवाल्याकडे गेला. सायकल द्यायला माझी हरकत होती, कारण मी ती सोमवारपासून चालवणार होतो. हिनं विचारलं, "सोमवार कुठला ते तुम्हाला कळणार कसं?" सायकल गेली. कठड्याला हिनं जुनं लुगडं बांधून आडोसा केला.

दुसऱ्या दिवशी अकराला बेल वाजली. मी सवयीनं तोंड उघडून दार उघडलं. समोर वॉकर धरून काकू, मागे दोन्ही हात पसरून आप्पा, जणू भिंतच पडणार आहे.

"तोंड मिट रे भाऊ," काकू म्हणाल्या, "माशी जाई."

गॅलरीत त्या बसल्या आणि आप्पा आत सोफ्यावर, भिंतीकडे तोंड करून. थोड्या वेळानं काकूंनी हाक मारली, "अहो, ऊन सरकलं." आप्पा धावायच्या आत त्यांनी खुर्ची स्वतःच ओढून घेतली होती.

आता बेल रोज वाजते. त्यामुळे रविवार कुठला ते मला पुन्हा कळेनासं झालंय. मी आपलं रोजच तोंड उघडून दार उघडतो. डबा आप्पांकडे आहे, काळजी नाही.

परवा दार उघडलं, तर बाहेर काकू एकट्याच, वॉकरच्या जागी साधी काठी. मी मान बाहेर काढून बघितलं. आप्पा पॅसेजच्या टोकाला लिफ्टपाशी थांबले होते, हात मागे बांधून. घोषणा नाही, काही नाही. गाडी स्टँडातून निघाली की वळणापलीकडे जाईपर्यंत बघत उभं राहावं, तसे उभे होते.