जेवायला बसणारं टेबल

मिरजेच्या हुबळीकरांकडचं जेवणाचं नवं टेबल, पानं घेतली की, चारही पाय दुमडून खाली जमिनीवर बसायचं.

वैजयंतीने ते मुद्दाम करून घेतलं होतं, सासऱ्यांसाठी. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून नाना आतल्या खोलीत, कॉटवर बसून एकटेच जेवत आणि निम्मं ताट तसंच परत पाठवत. टेबल आलं की ते चार माणसांत येऊन जेवतील, एवढीच तिची आस. आणि टेबलानेच बसकण मारावी! तिला रडू यायचंच बाकी होतं.

तिने टेबल घडवणाऱ्या पेंढुरकरांना बोलावलं. त्यांनी ओणवं होऊन सांधे तपासले.

"वहिनी, मालात खोट नाही. सांधे जपानी पद्धतीचे, एक खिळा सापडायचा नाही. पाय स्वीडिश पद्धतीचे. तुम्ही 'चला, बसा' म्हणता ना?"

"म्हणते की! न म्हणता वाढायचं कसं?"

"मग ते बसणारच. घरच्या बाईने आग्रह केल्यावर जपानी घडण नाही म्हणत नाही. आणि सगळे बसलेले असताना एकट्याने उभं राहणं स्वीडिश घडणीला पटत नाही. एरवी दोघांचं फारसं जमत नाही, पण इथे एकमत आहे."

"मग मी करू काय?"

"त्याच्याशीच बोला. चारच्या सुमाराला कॉफी ठेवा पुढ्यात, तेव्हा ऐकून घेतं."

वैजयंतीने कॉफी ठेवली आणि सगळं नीट सांगितलं.

"आपली अडचण समजली," टेबल म्हणालं. "पण ज्यांचे गुडघे, त्यांनी सांगितलेलं बरं."

इथेच घोडं पेंड खात होतं. नाना भलते ताठ. 'मला एकट्यालाच जेवायला आवडतं' असं म्हणून त्यांनी सगळ्यांची तोंडं बंद केली होती. तरी ती त्यांना बाहेर घेऊन आली. काठी टेकून ते टेबलासमोर उभे राहिले.

"खाली बसलो की उठता येत नाही मला," ते म्हणाले. "दोघांनी धरून उठवावं लागतं. सुनेसमोर, नातवंडांसमोर लाज वाटते."

वैजयंतीला हे आजच कळत होतं.

टेबल हळूच म्हणालं, "माझंही तेच आहे. कुणी बघत नाही असं पाहून एकेक पाय सरळ करावा लागतो. फार दुखतं."

"अरे, मग बसतोस कशाला?"

"आग्रह मोडवत नाही."

"नको बसूस. मी सांगतो," नाना म्हणाले आणि त्यांनी फळीवर हात ठेवला. टेबलाच्या सगळ्या सांध्यांतून एक लांब सुस्कारा बाहेर पडला.

त्या दिवशी पानं घेऊन वैजयंती जीव मुठीत धरून म्हणाली, "चला, बसा."

सगळे खुर्च्यांवर बसले. टेबल उभंच राहिलं. नानांनी आमटी दोनदा मागून घेतली, नातवाच्या ताटातला पापड पळवला, आणि जेवण झाल्यावर टेबलाला धरून, कुणाचाही हात न घेता, उठले.