हँडब्रेक आणि ग्राफिक्स कार्ड

"दोष कार्डाचा आहे," डोळ्यांवरचा हेडसेट काढत मास्तरांनी जाहीर केलं आणि ते सरळ जमिनीवर बसले. कॉम्प्युटरवरची शर्यत संपली असली तरी खोली अजून वळणं घेत होती.

बाई दारात उभ्या होत्या, हातात तपासायच्या उत्तरपत्रिका. "कसलं कार्ड?"

"ग्राफिक्स कार्ड. चित्रं काढणारं. आपलं जुनं झालंय. वळणावर चित्र अडखळतं, मला गरगरतं, आणि तुझा भाऊ तेवढ्यात पुढे सटकतो."

मास्तर हे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. शेजारच्या सीटवर बसून, डाव्या पायाखाली शिकवणाऱ्याचा जादा ब्रेक घेऊन त्यांनी आजवर किती लोकांना रस्त्यावर आणलं याची गणती नव्हती. बाई त्यांच्या पत्नी. शाळेत विज्ञान शिकवायच्या, त्यामुळे घरीही त्यांना सगळे बाईच म्हणत. एखादी गोष्ट का होते हे कळल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. आणि पुढे सटकणारा भाऊ म्हणजे मास्तरांचा मेहुणा, पलीकडच्या गल्लीत चष्म्याचं दुकान चालवणारा. हा मास्तरांच्या आयुष्यातला एकमेव नापास विद्यार्थी होता.

नापासही असा की विचारू नका. शिकवणीच्या पहिल्याच दिवशी गाडी ओढेना, चाकांमधून जळका वास यायला लागला. मास्तरांनी तिथल्या तिथे निदान केलं, पठ्ठ्या हँडब्रेक न काढताच निघाला. "दाजी, मी काढला होता हो," असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता, पण मास्तरांपुढे विद्यार्थ्याचं कोण ऐकतो? त्याचं नाव 'हँडब्रेक' पडलं ते पडलंच. पुढे परीक्षेत तो थांबायच्या रेषेवर थांबलाच नाही. परीक्षक साहेबांना घेऊन तो थेट समोरच्या कुंपणापर्यंत गेला. त्यानंतर त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही, आणि लग्नकार्यात, वाढदिवसाला, अगदी दवाखान्यात भेटायला गेल्यावरही मास्तर त्याला हँडब्रेक म्हणूनच हाक मारत राहिले.

तर हाच हँडब्रेक आता घरबसल्या, खोट्या स्टिअरिंगवर, खोट्या रस्त्यावर मास्तरांना दर रविवारी हरवत होता. दोघांनी स्टिअरिंग, पेडलं आणि हेडसेट असा संच हौसेने एकदमच घेतला होता. आपापल्या घरी बसून दोघं एकाच शर्यतीत उतरत. आणि त्या रविवारी मेहुण्याने जिंकल्या जिंकल्या फोन केला होता.

"दाजी, पुढच्या रविवारी अटीवर खेळू. तुम्ही जिंकलात तर मी आयुष्यभर हँडब्रेक. मी जिंकलो तर ते नाव तुमचं. चारचौघांत."

मास्तर "मंजूर" म्हणून बसले होते. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तराला भर बाजारात कुणी हँडब्रेक म्हणून हाक मारली तर दुसऱ्या दिवशी शिकायला येईल कोण?

"पण कार्डामुळे गाडी हळू कशी होईल?" बाईंनी विचारलं.

"अगं, मला दिसतच नाही काही! सगळं कमीत कमीवर ठेवलंय, नाहीतर चालतच नाही. झाडं पुठ्ठ्याची. समोरच्या गाड्यांचे मागचे दिवेसुद्धा नुसते रंगवलेले, ते कधी लागतच नाहीत. समोरचा ब्रेक कधी दाबतो हेच कळत नसेल तर माणसाने गाडी हाकायची कशी?"

हा मुद्दा बाईंना पटला. दुसऱ्या दिवशी दोघंही कॉम्प्युटरच्या दुकानात हजर झाली.

दुकानदार जाडजूड आणि शांत होता, आणि त्याला प्रश्नाचं उत्तर प्रश्नानेच द्यायची सवय होती. "पडद्यावर खेळणार की हेडसेट घालून?"

"हेडसेट घालून."

"मग नीट निवडावं लागेल. पडद्याला एक चित्र पुरतं. हेडसेटमधे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं लागतात, आणि तीही सेकंदाला नव्वद वेळा. मान वळली आणि चित्र मागे राहिलं की पोट बिथरतं."

"म्हणजे डोळे सांगतात आपण धावतोय, आणि कानातला तोल सांगतो आपण खुर्चीत आहोत!" बाईंचे डोळे चमकले. "दोघांचं भांडण, आणि त्रास पोटाला!"

"तुम्ही यात काम करता का?" दुकानदाराने आदराने विचारलं. त्यानंतर पाऊण तास ती दोघंच बोलत होती. कार्डाची स्वतःची मेमरी किती, हेडसेटला ती जास्त का लागते, गाड्यांची गर्दी झाली की काम कार्डाचं वाढतं की प्रोसेसरचं, सगळं झालं. मास्तरांनी मधे दोनदा खाकरून पाहिलं.

शेवटी दुकानदाराने मधल्या किमतीचं कार्ड पुढे केलं. "तुमच्या कामाला हे भरपूर आहे. असंच एक मागे चष्म्याच्या दुकानवाल्यांनी नेलं."

झालं! मेहुण्याकडे जे आहे ते मास्तरांना चालणारच नव्हतं. त्यांचं बोट आपोआप वरच्या फळीकडे गेलं. तिथे तीन पंख्यांचं एक दांडगं कार्ड बसलं होतं.

"ते लांब आहे," दुकानदार म्हणाला. "कॉम्प्युटरचं कॅबिनेट आतून मोजून आणलंय का?"

"मी रोज लोकांना दोन गाड्यांच्या मधे गाडी लावायला शिकवतो. जागेचा अंदाज मला सांगू नका."

"आणि पॉवर सप्लाय? वॅट पुरतील ना?"

"आमच्याकडे लाईट अगदी व्यवस्थित असते," मास्तर म्हणाले. दुकानदाराने बाईंकडे पाहिलं. बाई तेव्हा तीन पंखे एकाच दिशेने फिरतात की उलटसुलट, हे वाकून बघत होत्या, त्यामुळे हा संवाद त्यांच्या कानात शिरलाच नाही.

घरी आल्यावर कार्ड दोन बोटं लांब निघालं.

मास्तरांनी ते आधी सरळ लावून पाहिलं, मग तिरपं, मग कॅबिनेटच आडवं करून. बाई शेजारी टॉर्च धरून उभ्या होत्या. गेली कित्येक वर्षं त्यांनी मास्तरांच्या तोंडून ऐकलेले धडे आता त्यांच्या तोंडून आपसूक बाहेर पडायला लागले.

"घाबरायचं नाही. थोडं मागे घ्या. अजून घ्या. बस, बस! आता पुढचं तोंड आत घाला. अहो, मागे बघा ना, मागचं घासतंय!"

"मला कळतं गं!"

"गाडी लावताना बोलायचं नाही, लक्ष विचलित होतं."

शेवटी आतला, जुन्या हार्ड डिस्कचा पत्र्याचा कप्पा उपटून काढावा लागला. तो रिव्हेटांनी ठोकलेला होता, त्यामुळे उपटताना मास्तरांचा अंगठा कापला. कार्ड बसलं, पण त्याची जाड वायर बाहेर फुगली आणि कॅबिनेटचं झाकण काही लागेना. "राहू दे उघडं, हवा लागेल," असं म्हणून मास्तरांनी कॉम्प्युटर सुरू केला. सगळं छान उजळलं. शर्यत निवडली, हेडसेट चढवला, गाड्या रेषेवर उभ्या राहिल्या, आणि सुटायच्या क्षणी सगळा काळोख झाला.

"लाईट गेली का?" हेडसेटच्या आतून मास्तरांचा आवाज आला.

"नाही. तुमचाच कॉम्प्युटर गेला."

मास्तर पुन्हा दुकानात. दुकानदार रागावला नाही, नुसता म्हणाला, "मी वॅट विचारले होते. तुम्ही तुमच्या लाईटचं कौतुक सांगितलंत." मास्तरांनी नवा पॉवर सप्लाय, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, उचलला. तो जुन्यापेक्षा मोठा निघाला, म्हणून आणखी एक पत्रा कापावा लागला. शनिवारपर्यंत ते कॅबिनेट अपघातातून बाहेर काढलेल्या गाडीसारखं दिसू लागलं होतं. शेजारी टेबलफॅन लावला होता आणि आतून गरम वारा येत होता. बाई अधूनमधून त्यावर हात धरून बघत.

"एवढी ऊब कशाची हो?"

"चित्रं काढण्याची."

"नवलच आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांना ते खरोखर नवल वाटत होतं.

चित्रं मात्र काय दिसत होती म्हणता! मास्तरांनी सगळं शेवटच्या टोकापर्यंत वाढवलं. झाडांना पानं आली, पानांना सावल्या आल्या, ओल्या रस्त्यात आभाळ दिसायला लागलं. मान कितीही वळवा, गरगरणं नाव नाही. मास्तर लहान मुलासारखे हरखले. बाईंनीही हेडसेट घालून, शर्यत वगैरे बाजूला ठेवून, गाडी कडेला उभी करून गवत बघितलं.

रविवारी शर्यत झाली, आणि मास्तर हरले.

थोडेथोडके नाही, पार धुळीला मिळाले. वळणावर त्यांनी मेहुण्याला गाठलंही होतं, पण सरळ रस्ता आला की मेहुणा भुर्रकन जाई आणि मास्तरांची गाडी जड झाल्यासारखी मागे रेंगाळे. आता गरगरण्याची सबब नव्हती, न दिसण्याची नव्हती. मास्तर हेडसेट काढून नुसते बसून राहिले. आपल्याला गाडी चालवता येत नाही, हा विचार त्यांच्या मनात आजवर कधीच आला नव्हता. तो आज आला, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

थोड्याच वेळात मेहुणा मिठाईचा डबा घेऊन दारात उभा. "ताई, टीव्हीवर लाव गं शर्यत पुन्हा. सगळ्यांनी मिळून बघू."

शर्यत टीव्हीवर लागली. आता ती मागून, रस्त्याच्या कडेने, वरून, हवी तशी बघता येत होती. मेहुणा प्रत्येक वळणाचं वर्णन करत होता. मास्तर सोफ्याच्या टोकाला चेहरा पाडून बसले होते. बाई मात्र टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या.

"गाड्यांचे मागचे दिवे लागतायत आता. हे ब्रेकचेच ना?"

"हो," मास्तर म्हणाले. "नव्या कार्डामुळे."

"मग बाकीच्यांचे वळणावर लागतात आणि विझतात. या एका गाडीचे कायम का चालू आहेत? सरळ रस्त्यावरसुद्धा?"

"कुठली गाडी?"

"तुमचीच."

मास्तर पुढे सरकले. खरंच होतं. त्यांची गाडी संपूर्ण शर्यतभर, देवळातल्या समईसारखे, दोन लाल दिवे मंद तेवत ठेवून धावत होती.

"कार्डाचा दोष असेल," मास्तर म्हणाले.

"एकट्या तुमच्याच गाडीपुरता?" बाईंनी विचारलं. पण उत्तराची वाट न बघता त्या मागे वळल्या. त्या मास्तरांच्या पायाकडे बघत होत्या. टीव्हीवर वळण आलं, आणि सोफ्यावर बसलेल्या मास्तरांचा डावा पाय सतरंजीवर दाबला गेला. वळण संपलं तरी तो पुरता उठला नाही, हलकासा टेकलेलाच राहिला. समोर दुसरी गाडी आली, पाय पुन्हा दाबला गेला.

"अहो, पाय बघा तुमचा."

मास्तरांनी खाली बघितलं. पाय आपला नसून कुणा तिसऱ्याचा असावा, तसे ते त्याच्याकडे बघत राहिले. खेळातल्या गाडीला क्लच नव्हता. डाव्या पायाला काही काम नव्हतं. आणि हा पाय बिनकामाचा बसला की काय करतो, हे इतक्या वर्षांच्या नोकरीने त्याला पक्कं शिकवून ठेवलं होतं.

मेहुणा खदाखदा हसेल असं मास्तरांना वाटलं. पण तो हसला नाही. त्याने हातातला मिठाईचा तुकडा परत डब्यात ठेवला.

"दाजी," तो हळू आवाजात म्हणाला, "मी तेव्हा हँडब्रेक काढला होता."

मास्तरांना पहिल्या दिवशीचा तो जळका वास आठवला, आणि त्यांनी डावा पाय सतरंजीवरून उचलून घेतला.

"परीक्षेत मी रेषेवर का थांबलो नाही, माहितीये?" मेहुणा पुढे म्हणाला. "तुमच्या गाडीत मी ब्रेककडे पाय न्यायच्या आतच गाडी थांबायची. दरवेळी. मला वाटलं गाड्या अशाच असतात, लाल सिग्नल दिसला की थांबतात. परीक्षेला शेजारी साहेब होते. मी आपला वाट बघत बसलो, आता थांबेल, मग थांबेल..."

"आणि कुंपण आलं," बाई म्हणाल्या.

मास्तरांना हसूही येईना आणि रडूही. परीक्षेला घाबरणारे, "तुमच्या गाडीत बरोबर जमतं हो, बाहेरच काय होतं कळत नाही" म्हणणारे त्यांचे सगळे विद्यार्थी एकेक करून डोळ्यांसमोरून गेले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "उद्या सकाळी सहाला ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा स्टिअरिंगवर बसला. मास्तरांनी शेजारचं दार उघडलं, बूट काढून पायाखाली ठेवले आणि सीटवर चक्क मांडी घातली.

"हे काय, दाजी?"

"काही नाही. चल."

गाडी निघाली. ओढत होती, कसलाही वास येत नव्हता. रिकाम्या रस्त्याच्या टोकाला सिग्नल लाल झाला. मास्तरांच्या मांडीतला डावा पाय वळवळला, तो त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. रेषा जवळ आली, आणखी जवळ आली. मास्तरांनी डोळे मिटले. गाडी जराशी झुकली आणि रेषेच्या अलीकडे अलगद उभी राहिली.

"तुम्ही दाबलात?" मेहुण्याने विचारलं.

मास्तरांनी डोळे उघडून मांडीकडे बोट दाखवलं. मेहुणा बराच वेळ त्या मांडीकडे बघत राहिला, मग आपल्या पायाकडे, आणि त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. सिग्नल हिरवा झाला.

"मग निघू का, हँडब्रेक?"

"निघ," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी मांडी आणखी आवळून घेतली.