सटवाजी आचाऱ्याने पळी खाली ठेविली त्याची हकीकत

श्री अन्नपूर्णामाता प्रसन्न. शके सतराशे अकरा, सौम्यनाम संवत्सरी, माघ शुद्ध षष्ठीस एका राज्यावर अनर्थ ओढवला, तो यथामती लिहितो. राज्याचे नाव सांगत नाही. ओळखील त्याने ओळखावे आणि गप्प बसावे.

जाहले ऐसे, की महाराजांचे मुदपाकखान्याचा थोरला आचारी सटवाजी याने पळी खाली ठेविली आणि "आठा दिवसांनी शेजारच्या राज्यात चाकरीस जातो" म्हणोन कळविले. ताईसाहेबांचे लग्न पंधरवड्यावर, आणि व्याह्यांनी तर बैठकीतच बजाविले होते, "जिलबी सटवाजीच्या हातची नसली तर वऱ्हाड वेशीवरून माघारी." महाराजांचे तोंडचे पाणी पळाले. मग कारभारी यमाजीपंत यांनी पाच राज्यांत सांडणीस्वार पिटाळिले, आणि कोठे आचाऱ्यास काय मिळते याची यादी आणविली, आणि सर्वांहून एक होन जास्त ठरविला, आणि वर सालीना दोन धोतरजोडे, दुखण्यात फुकट वैद्य, म्हातारपणी जमीन, आणि 'पाकधुरंधर' हा किताब दिला. सटवाजीने सगळे घेतले, मुजरा केला, आणि धोतरजोडे गाठोड्यात बांधले.

मग पंत म्हणाले, "महाराज, माणूस मानाचा भुकेला. त्याच्या सन्मानार्थ पाचशे पानांची मेजवानी घालू!"

"रांधणार कोण?"

"सटवाजीच! असा हात दुसऱ्या कोणाचा?"

मग सटवाजीने पहाटेपासून रांधले, आणि पाचशे पाने उठली, आणि त्याच्या स्तुतीची चार भाषणे जाहली, आणि पाचव्या भाषणाआधी हार घालावयास सत्कारमूर्ती सापडेना. महाराज स्वतः शोधीत गेले, तो गडी चुलीमागे उकिडवा बसोन गार पुरी चावीत होता.

"सटू, शेजारी देतो तरी काय रे?"

"तुमच्याहून दोन होन कमी."

"मग?"

"तिथं पहिली पंगत आचाऱ्यांची बसते, महाराज. बावीस वर्षं मी पुऱ्या फुगवतोय. फुगलेली एक अजून खाल्ली नाही."

पंत कानाशी लागले, "महाराज, हे दौलतीच्या रिवाजात..."

"पंत, चूल फुंका," महाराज बोलते जाहले, आणि बाह्या सारिल्या, आणि सटवाजीस पाटावर बसविले, आणि स्वहस्ते पुरी लाटोन कढईत सोडिली. ती धड गोल नव्हती, एका अंगाने काळी पडली. सटवाजीने घास घेतला.

"जळकी आहे," तो म्हणाला. मग दुसरा घास घेऊन म्हणाला, "पण गरम आहे. आणखी एक येऊ द्या. आणि पंत, तुम्ही सरका, तुमच्यानं चूल नाही पेटायची."

पुढे वऱ्हाड आले, जिलबी खाऊन तृप्त गेले, आणि तेव्हापासोन त्या राज्यी पहिले पान आचाऱ्याचे. नवी वहिवाट पाडण्यास खर्च म्हणाल, तर पंतांची उजवी भुवई चुलीत गेली, तेवढाच. इतके सत्य, बाकी मीठ चवीपुरते घातले असे.